पाठ केलेले गाणे आणि सुचलेले गाणे

आपल्या निवासी शाळेच्या संगीत कक्षात पेटी, ढोलकी, डफ आणि खंजिरी ही वाद्ये पूर्वीपासून आहेत. अलीकडे त्यांच्या शेजारी गिटारी येऊन बसल्या. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील खेड्यांतून आलेली मुले-मुली सायंकाळच्या फावल्या वेळात त्यांवर बोटे बसवताना दिसतात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु विद्यार्थ्याला गिटार ‘आली’ असे केव्हा म्हणावे? आपण सर्वसाधारणपणे याचे उत्तर असे देतो की, 14 एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला किंवा स्नेहसंमेलनात एखादे गीत न चुकता वाजवता आले म्हणजे आली. आमच्या मते हे अर्धेच उत्तर आहे. चार जणांत बसून, आधी काहीही न ठरवता, दुसऱ्याने काय वाजवले ते ऐकून त्याला आपल्या सुरांत उत्तर देता येणे हा शिक्षणाचा दुसरा अर्धा भाग होय. आजची मुले त्याला ‘जॅमिंग’ म्हणतात. आपल्या परंपरेत त्यालाच उपज, संगत, सवाल-जवाब अशी नावे आहेत. हा भाग ‘पुढे कधीतरी’साठी राखून न ठेवता तीन-चार कॉर्ड येऊ लागताच सुरू करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या मताला इतिहासाचा आधार आहे. ज्यांना पाठशाळेचे आणि घराण्याचे दार बंद होते, त्यांनी संगीत शिकावयाचे कसे? ते एकमेकांच्या शेजारी बसून शिकले. जात्यावर बसलेली एक बाई ओवी उचलीत असे आणि दुसरी तिला आपली ओवी जोडीत असे. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या जात्यावरील ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांत बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. ज्यांच्या हाती पाटी कधी आली नाही, अशा अनेक आयाबायांनी आपल्या काळाचा इतिहास दळता दळता रचला. तमाशाच्या बतावणीत आणि वगात संवाद पुष्कळदा जागीच सुचत असत. आंबेडकरी जलशांनी त्याच साच्यातून देवादिकांना बाजूस सारले आणि तेथे समतेचा विचार आणून बसवला. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांना समोरचा श्रोता पाहून बोलावे लागे, कारण प्रत्येक गावचा प्रश्न निराळा होता. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांना अक्षरओळख तरुणपणी झाली आणि संगीताचे औपचारिक शिक्षण तर मिळालेच नाही. तरीही त्यांची गीते आज वऱ्हाडातील वस्तीवस्तीत गायिली जातात. पुढे भीमगीतांचे ‘दुय्यम सामने’ रंगू लागले. त्यांत एका पार्टीने टाकलेला सवाल दुसऱ्या पार्टीने तिथल्या तिथे, त्याच ठेक्यात परतवावा लागे. पाठांतर तेथे केवळ शिदोरी होती. वाट मात्र चालता चालताच काढावी लागे.

आपल्या वऱ्हाडात याहूनही जवळचे उदाहरण आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे जन्मलेले आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढलेले गाडगेबाबा हे अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांचे. त्यांचे कीर्तन म्हणजे अखंड प्रश्नोत्तर होते. ते विचारीत, समुदाय उत्तर देई आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. 1956 साली मुंबईत वांद्रे येथे झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकावयास मिळते. आपल्या संगीत शिक्षकांनी ते विद्यार्थ्यांना ऐकवावे. ऐकणे हा बोलण्याचा अर्धा भाग कसा असतो, हे त्यातून जितके कळते तितके पुस्तकातून कळणार नाही.

गिटारीच्या पलीकडच्या इतिहासाशीही वऱ्हाडचा एक धागा जुळतो आणि तो कापसाचा आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अकस्मात सोन्याचा भाव आला. त्याच अमेरिकेतील मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात, गुलामीतून सुटलेल्या परंतु दारिद्र्यातून न सुटलेल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांमध्ये पुढे ‘ब्लूज’ हे संगीत घडले. त्याचा मूळ साचा तीन कॉर्ड आणि बारा आवर्तनांचा आहे. एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. साचा इतका साधा आहे म्हणूनच अनोळखी माणसेही पहिल्या भेटीत एकत्र वाजवू शकतात. 1925 साली जन्मलेले बी. बी. किंग यांनी बालपणी कापूस वेचला होता. ते गात असताना त्यांची गिटार गप्प राही आणि गाणे थांबले की गिटार बोलू लागे. नवशिक्याने त्यांच्याकडून हा मौनाचा धडा पहिल्यांदा घ्यावा. बाबासाहेबांनी 1946 साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातील साम्य नोंदवले होते, हे येथे आठवावे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. एकाने ढोलकीवर आठ मात्रांचा केहरवा धरावा. दुसऱ्याने गिटारीवर ‘ए मायनर’ आणि ‘जी’ हे दोनच कॉर्ड आठ-आठ मात्रा आलटून पालटून वाजवावेत. तिसऱ्याने दुसऱ्या गिटारीवर ए, सी, डी, ई, जी हे पाचच स्वर घ्यावेत. पेटीवाल्या विद्यार्थ्याला हे स्वर परके नाहीत. ‘सी’ला षड्ज मानले तर ते भूपाचे सा, रे, ग, प, ध होतात आणि ‘ए’ला षड्ज मानले तर तेच धानीचे स्वर होतात. तिसऱ्याने सोळा मात्रा वाजवून थांबावे, पुढच्या सोळा मात्रांत चौथ्याने उत्तर द्यावे. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एकच स्वर द्यावा आणि लयीचे निरनिराळे प्रकार करावयास सांगावे. एका स्वरातही किती बोलता येते, हे पाहून मुले स्वतःच चकित होतील. पुढे असा नियम करावा की, आधीच्याने ज्या दोन स्वरांवर सोडले त्यांवरूनच दुसऱ्याने सुरुवात करावी, म्हणजे ऐकल्यावाचून गत्यंतर उरत नाही. जे वाजवावयाचे ते आधी तोंडाने गुणगुणावे आणि मग बोटांनी शोधावे. चुकीचा स्वर लागला तर घाबरू नये. या पाच स्वरांची रचनाच अशी आहे की, गिटारीवर चुकलेल्या स्वराच्या लगतच्या पडद्यावर बरोबर स्वर असतोच. तेथे सरकावे आणि पुढे जावे. आठवड्यातून एक तास, श्रोत्यांवाचून, बक्षिसावाचून आणि मोबाइलच्या चित्रीकरणावाचून एवढे झाले तरी पुरे.

यावर काही आक्षेप येतील. पहिला आक्षेप, गिटार हे परके वाद्य आहे. मग पेटीही युरोपातून आली आणि भीमगीतांच्या पार्ट्यांत वाजणारा बेंजो हा 1912 साली जपानच्या नागोया शहरात निघालेल्या ‘ताइशोगोतो’चा वंशज आहे. स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकावयास घेतले होते. वाद्य कोठून आले याला महत्त्व नाही, ते कोणाच्या हाती आले याला आहे. मुंबईत कबीर शाक्य यांच्या ‘धम्म विंग्स’ या बँडने गिटारीवर बुद्ध आणि भीम यांची गाणी वाजवली, तेव्हा ती गिटार आपलीच झाली.

दुसरा आक्षेप धम्माच्या अंगाने येतो. उपोसथाच्या अष्टशीलात नृत्य, गीत आणि वादन यांपासून विरतीचा नियम आहे, हे खरे. तेव्हा उपोसथाच्या दिवशी हा तास ठेवू नये. परंतु उपासकाच्या नित्य पंचशीलात तो नियम नाही. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख गंधर्व वीणा वाजवीत गातो, तेव्हा त्याच्या तारांचा आणि कंठाचा मेळ कसा जमला आहे, हे भगवान बुद्ध कौतुकाने सांगतात. सोण स्थविराला उपदेश करताना त्यांनी दाखला दिला तोही वीणेच्या तारांचाच. तार फार ताणलेली नको आणि फार सैलही नको. पाठांतराचा ताण आणि मोकळीक यांतील मध्यम मार्गच आम्ही येथे मागत आहोत.

तिसरा आक्षेप शिस्तीचा आहे. आधी दहा वर्षे शिका आणि मग स्वतःचे वाजवा, असे सांगितले जाते. रियाजाचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. कॉर्ड स्वच्छ वाजलाच पाहिजे आणि गाणी पाठ असलीच पाहिजेत. परंतु मूल भाषा शिकते ते आधी व्याकरण संपवून नव्हे. आमच्या इतिहासाच्या उत्तरपत्रिकांत चाळीस मुलांची चाळीस उत्तरे गाईडमधील एकाच वाक्याने सुरू होतात. चवदार तळ्याचा सत्याग्रह का झाला, हे त्या मुलांना ठाऊक असते. ते स्वतःच्या वाक्यात सांगण्याचे धैर्य मात्र नसते. गावात, वर्गात, कचेरीत ‘तू गप्प बस’ हे ऐकत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्या मुलांना चारचौघांत स्वतःचे वाक्य उच्चारता येणे ही चैनीची बाब नाही. सोळा मात्रांची जागा आपल्यासाठी मोकळी ठेवलेली आहे आणि आपण बोलेपर्यंत बाकीचे ठेका धरून थांबले आहेत, हा अनुभव त्यांना मिळाला पाहिजे. आणि आपल्या सोळा मात्रा संपल्या की दुसऱ्यासाठी थांबावयाचे, हाही.

गावकीच्या काळात वाद्य वाजवणे हेही आपल्या अनेक जातींवर लादलेले काम होते. दुसऱ्याच्या वरातीपुढे, दुसऱ्याच्या हुकुमावर वाजवावे लागे. आपल्या वाडवडिलांनी ते काम टाकले, हे योग्यच केले. परंतु आज 14 एप्रिलच्या मिरवणुकीत काय दिसते? भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांवर तयार गाणी वाजतात आणि ज्या वस्त्यांत पूर्वी एक पेटीवाला, एक ढोलकीवाला आणि चार कोरसवाले हमखास असत, तेथे आता यंत्राची कळ दाबणारा एकच तरुण पुरतो. बाकीचे नाचतात. त्यांच्या भक्तीविषयी आम्हांस शंका नाही. मात्र जो समाज सवालाला जागच्या जागी जवाब देत होता, तो केवळ ऐकणारा होऊन बसला, तर जलशांचा वारसा पुस्तकांत उरेल.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने व्यवस्थापनास आमची विनंती आहे की, येत्या सत्रापासून शनिवारची एक सायंकाळ, उपोसथ नसेल तेव्हा, वेळापत्रकात यासाठी राखून ठेवावी. जे माजी विद्यार्थी आज गावोगावच्या पार्ट्यांत गातात-वाजवतात, त्यांनी त्या तासाला यावे आणि व्याख्यान न देता मुलांच्या शेजारी बसून ठेका धरावा. ज्यांच्या घरी न वापरलेली ढोलकी, बेंजो किंवा गिटार पडून असेल, त्यांनी ती शाळेस द्यावी. पहिले काही शनिवार गोंगाट होईल. तो सोसण्याची तयारी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी ठेवावी, एवढेच मागणे आहे. जय भीम!