पोर औषध थुंकतं? आधी बाटली बघा

"डॉक्टर, काही द्या, पण गोड द्या. हा सगळं थुंकून राहिला."

थंडीच्या दिवसांत हे वाक्य मी जवळपास रोज ऐकतो. खरं तर मी बालरोगतज्ज्ञ नाही, मोठ्यांचा डॉक्टर. पण आजोबांचं बीपी तपासायला घर येतं तेव्हा नातूही सोबत येतो, आणि "याला पण जरा बघून घ्या ना" हे ठरलेलंच. मग पिशवीतून बाटल्या निघतात. परवा एका अडीच वर्षांच्या मुलासाठी चार निघाल्या. एक तापाची, एक सर्दीची, एक खोकल्याची आणि एक मागच्या आजारातली उरलेली, तीही चालूच होती. मुलगा टेबलाखाली जाऊन बसला होता. बाटली दिसली की तो असंच करतो, असं आई म्हणाली. आजीने औषध पाजायची घरातली पद्धतही सांगितली: बाबा हात धरतात, आई पाय, आणि मी नाक दाबून चमचा तोंडात सोडते.

मुलगा फक्त शिंकत होता. ताप नव्हता, छाती स्वच्छ होती, खेळणंही व्यवस्थित चालू होतं. चारपैकी एकाही बाटलीची त्याला गरज नव्हती.

मूल औषध घेत नाही तेव्हा सगळे एकच विचारतात, "कसं पाजू?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला असा: हे औषध त्याला खरंच हवं आहे का? दिवसातून तीन वेळा घरात जी कुस्ती होते ती किती बाटल्यांसाठी होते आणि त्यातल्या कितींसाठी व्हायला हवी, हे एकदा मोजून बघा.

लहान मुलांची बहुतेक सर्दी विषाणूंमुळे होते आणि आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते. खोकला मागे रेंगाळतो, कधी दोन-तीन आठवडे. सर्दी-खोकल्याचं सिरप हा काळ कमी करत नाही. त्यातल्या काही घटकांनी मूल झोपाळतं, आणि ते शांत झोपलं म्हणजे औषध लागू पडलं असं आपल्याला वाटतं. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन या जोडगोळीचं औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, तशी सूचना बाटलीवर छापावी, असा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. तरीही अशा बाटल्या दोन-दोन वर्षांच्या मुलांना लिहून दिल्या जात राहिल्या. दुकानदार चिठ्ठीशिवायही देतात.

याची किंमत काय होऊ शकते ते २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याच शहराने पाहिलं. छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातल्या मुलांना साधा ताप आणि सर्दी-खोकला झाला. त्यासाठी कोल्ड्रिफ नावाचं सिरप दिलं गेलं. काही दिवसांत त्यांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडं निकामी झाली. छिंदवाड्याहून मोठ्या उपचारासाठी लोक नागपूरलाच येतात, त्यामुळे त्यातली बरीच मुलं इथल्या रुग्णालयांत दाखल झाली आणि अनेकांचा शेवट इथेच झाला. एकूण वीसहून अधिक मुलं गेली, बहुतेक पाच वर्षांखालची. सिरप तामिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यात बनलेलं. तिथल्या सरकारी तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. मर्यादा ०.१ टक्का आहे.

हे ग्लायकॉल कारखान्यांत वापरायचं द्रावक आहे. ते पारदर्शक, दाट असतं, आणि चवीला गोड. सिरपमध्ये जे औषधी प्रतीचं द्रावक घालायला हवं त्याच्यासारखंच दिसतं, स्वस्त असतं, म्हणून तपासणी न करता वापरलं की घात होतो. ही पहिली वेळही नव्हे. १९३७ साली अमेरिकेत सल्फा औषध गोळीऐवजी पातळ स्वरूपात हवं अशी मागणी आली, म्हणून ते याच द्रावकात विरघळवून रास्पबेरीच्या स्वादात विकलं गेलं आणि शंभरावर माणसं मेली, त्यात लहान मुलंही होती. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये दूषित ग्लिसरीनने रुग्ण दगावले, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. २०२२ मध्ये गांबियातल्या मुलांच्या मृत्यूंचा संबंध भारतात बनलेल्या सिरपशी जोडला गेला.

बाटलीत काय भेसळ आहे हे आई-बाबांना चाखून कळणार नाही, मलाही कळणार नाही. ते काम कारखान्याचं आणि औषध प्रशासनाचं, आणि तिथली ढिलाई अक्षम्य आहे. पण नको असलेली बाटली घरात न आणणं तुमच्या हातात आहे, आणि ती न लिहिणं माझ्या. मीसुद्धा पूर्वी अशी सिरपं लिहिली आहेत. आई काळजीत असते, बाहेर रांग असते, "काही नको, आपोआप बरं होईल" हे समजावायला दहा मिनिटं लागतात आणि बाटली लिहायला दहा सेकंद. शिवाय काहीच दिलं नाही तर पेशंट दुसऱ्या दवाखान्यात जातो. हे समर्थन नाही. बाटल्या कशा वाढतात तेवढं सांगतो आहे. तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, "यातलं कुठलं नाही दिलं तर चालेल?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

सर्दीला मग करायचं काय? नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, कोमट पातळ पदार्थ, आराम. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा मध दिला तर रात्रीचा खोकला थोडा कमी होतो, आणि मध कोणी थुंकत नाही. वर्षाच्या आत मात्र मध अजिबात नको, घुटीत बोटभरही नको. त्यातून बोट्युलिझम नावाचा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो. आजीबाईंची नाराजी पत्करून हे सांगतो.

आता ज्या औषधांसाठी खरोखर झगडायला हवं त्यांच्याकडे येऊ. डॉक्टरांनी तपासून दिलेलं अँटिबायोटिक, फिटचं औषध, टीबीचं औषध, जुलाबात ओआरएस आणि झिंक. ही चुकवायची नाहीत. तापाचं पॅरासिटामॉल या यादीत अर्धंच बसतं: मूल तापाने बेजार असेल तर द्या, ताप १०० असून ते खेळत असेल तर झोपेतून उठवून पाजायची गरज नाही.

पाजताना नाक दाबू नका, आडवं झोपवून ओतू नका. रडणारं मूल हुंदक्याबरोबर जोरात श्वास आत ओढतं; त्या क्षणी तोंडात औषध असेल तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मुलाला मांडीवर बसतं घ्या, पाठ आपल्या छातीला टेकलेली. मेडिकल स्टोअरमधून ५ मिलीची सिरिंज आणा, सुई आणि टोपी तिथेच टाकून द्या. सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून थोडं थोडं सोडा, अर्धा मिली, गिळू द्या, पुन्हा अर्धा. जिभेच्या मधोमध सोडलं तर जीभ ते बाहेर ढकलते, घशात सोडलं तर ठसका लागतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाला थोडी निवड द्या: कपाने की पिचकारीने? आधी की पाणी पिऊन? घ्यायचं की नाही हे मात्र विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे. फार कडू असेल तर आधी थंडगार काहीतरी चाटवा, जीभ जराशी बधिर होते. चमचाभर श्रीखंडात किंवा कुस्करलेल्या केळ्यात मिसळता येईल का ते डॉक्टरांना विचारा; काही औषधांना चालतं, काहींना नाही. दुधाच्या भरलेल्या बाटलीत कधीच मिसळू नका. मूल अर्धं दूध टाकतं, औषध किती गेलं कळत नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून ते दूधही सोडतं.

औषधाला "चॉकलेट" म्हणू नका. ज्याला हे पटलं तो उद्या स्टुलावर चढून ते चॉकलेट शोधेल आणि बाटली रिकामी करेल. "नाही घेतलंस तर डॉक्टर सुई टोचतील" हेही बंद करा. त्यामुळे ते पोर माझ्याकडे येतं तेच किंचाळत, आणि मग मला त्याची छाती ऐकू येत नाही. कडू आहे, पटकन संपेल, मग पाणी देते. एवढं खरं सांगितलेलं पुरतं.

आता मापाची गोष्ट, कारण यात जास्त चुका होतात. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर असतो: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये किमान चार ते सहा तास. बारा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम धरू. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ६ मिली होतात. ५ मिलीत २५० वाल्याचे ३ मिली. आणि ड्रॉप्समध्ये साधारणपणे एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतात, म्हणजे फक्त दीड मिली. घरात सिरप संपलं म्हणून कोणी ड्रॉप्सच ६ मिली पाजले तर मुलाच्या पोटात चौपट औषध जातं. बाटलीवरचं नाव तेच असतं, म्हणून आकडाच वाचायचा. स्वयंपाकघरातला चमचा मापाचा नाही. पावडरीच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, आधी थोडं घालून हलवायचं, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत. त्यातली बरीचशी आठवड्याभरात संपवायची असतात. उरलेलं पुढच्या आजारासाठी ठेवायचं नाही.

ओआरएसची तक्रार वेगळी. ते खारट लागतं, मुलं तोंड फिरवतात, मग दुकानातलं संत्र्याच्या स्वादाचं डब्यातलं पेय आणलं जातं, कारण त्यावर ओआरएस लिहिलेलं असे. त्यात साखर इतकी की जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, आणि दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. पेला तोंडाला लावला की उलटी होते, चमच्याने टिकतं.

औषध घेतल्यावर पंधरा मिनिटांच्या आत सगळं उलटून पडलं तर बहुतेक वेळा तोच डोस एकदा पुन्हा देता येतो. तासाभराने उलटी झाली तर पुन्हा देऊ नका. फिटचं किंवा दुसरं रोजचं औषध असेल तर फोन करून विचारा.

आणि एक फरक ओळखा. जे मूल औषध थुंकतं, लाथा मारतं, टेबलाखाली जाऊन बसतं, त्याच्यात ताकद आहे. पण जे मूल औषधच काय, पाणी किंवा आईचं दूधही घेत नाही, हाका मारल्या तरी मलूल पडून राहतं, घेतलेलं सगळं उलटतं, श्वास भराभर घेतं, ज्याला झटके येतात, किंवा ज्याला सहा-आठ तासांत लघवी झालेली नाही, त्याला सिरिंजने पाजत घरी बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात न्या, आणि घरात चालू असलेल्या सगळ्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून सोबत न्या.