पीएचडी करून कोणते दिवे लागतात, ते ऐका

डिसेंबर २०२३. नागपूर अधिवेशनात सतेज पाटलांनी विषय काढला, की सारथीची पीएचडी फेलोशिप २०० जणांपुरतीच का? तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि आपल्या बारामतीचे आमदार अजित पवार यांनी उलटा सवाल टाकला, की पीएचडी करून ही पोरं काय दिवे लावणार? राज्यभर गदारोळ झाला. पण खरं सांगू का मंडळी, पणदऱ्यात चहाच्या टपरीवर याच्यापेक्षा वेगळं काही बोललं जात नाही. "समाजशास्त्रात पीएचडी? मग नोकरी कुठं लागणार?" संपला विषय.

म्हणून उत्तर टपरीलाच देतो.

पुण्यात १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. संस्थेनं गोदावरी आणि प्रवरा कालव्यांखालच्या गावांची पाहणी केली. पाण्यानं कुणाचं भलं झालं, कुणाचं नाही, हे शेतकऱ्याला विचारून मोजलं. १९४८ मध्ये ती पाहणी छापून आली. तेच गाडगीळ पुढं विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीनं प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष झाले. आज आपण ज्या सहकारी कारखान्यांचे सभासद म्हणून मिरवतो, ती वाट तिथून निघाली. लागला का दिवा?

दुसरं. आपल्या नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यावर, शेजारच्या माळेगावच्या कारखान्यावर 'रेझिंग केन' हे जाडजूड पुस्तक १९९२ साली निघालं. लिहिलं कुणी? डोनाल्ड ॲटवूड यांनी, कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी. परक्या मुलखातला माणूस येतो, आपल्या बांधावर बसतो, कोण कसा वर आला ते लिहून ठेवतो. आपल्यातल्या किती जणांनी ते पुस्तक हातात तरी धरलंय?

आता पैशाचं बोलू. उसाच्या संशोधनासाठी कारखान्यांकडून मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला टनामागं एक रुपया जातो. जावाच. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टमध्ये उसाला एआय आलं, आणि मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी ते जगाला सांगितलं. अभिमान आहेच. पण बघा, उसाच्या कांडीवर आता उपग्रहाची नजर आहे आणि तो ऊस तोडणारी बाई कोपीत कशी राहते, तिची पोरं हंगामात शाळेत जातात का, उचल फिटते का, याची साधी वहीसुद्धा आपल्याकडं नाही.

ती मोजायची ठरवली तर काय निघतं, हे बीडनं दाखवलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ऊसतोड बायकांची पाहणी केली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली. म्हणजे सहातली एक. टोळ्या वर्षानुवर्षं येत होत्या, गव्हाण भरत होती, बायका दुखणं अंगावर काढत होत्या. आकडा आला तेव्हा कुठं सरकारला बोलावं लागलं.

मग अशा कामाला पैसा का मिळत नाही? कंपनी कायद्याची सातवी अनुसूची काढून बघा. सीएसआरमधून विद्यापीठांच्या संशोधनाला मदत करायची तर तिथं चारच नावं आहेत, विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यक. समाजशास्त्राचं नावच नाही! दिल्लीची आयसीएसएसआर आहे. १९६९ ची, पहिले अध्यक्ष पुन्हा गाडगीळच. पण अख्ख्या देशाचे अर्ज तिथं जातात, खेड्यातल्या कॉलेजचा मास्तर तिथवर पोचायचा कधी?

विद्यापीठवाल्यांनाही सोडत नाही मी. तुम्ही येता, फॉर्म भरून घेता, चहा पिता, जाता. ज्याच्या ओसरीवर बसलात त्याला पुढं काय निघालं ते कधीच कळत नाही. प्रबंध शोधगंगेवर चढतो, भाषा अशी की सरपंच पहिल्या पानावर आडवा. गेल्या हंगामात एका पोरीनं तोडकऱ्यांच्या मुलांवर केलेलं चांगलं काम मी बातमी करून पाठवलं. एका दैनिकानं चार ओळी छापल्या, शेजारी अर्धं पान वाढदिवसाचं. आमच्या धंद्याला वाढदिवस पोसतात हे मला कळतं. पण वाचकांनी कधी फोन करून विचारलं का, की ती चार ओळींची बातमी पुढं काय झाली?

माझी मागणी साधी आहे. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यानं टनामागं फक्त दहा पैसे ठेवले तरी वर्षाला एक लाख होतात. तेवढ्यात एका विद्यार्थ्याचा हंगामभराचा प्रवास, राहणं, छपाई भागते. अट एकच, शेवटचा हप्ता दोन पानांचा मराठी गोषवारा ग्रामसभेत वाचल्यावरच. आणि विषय कारखान्यानं ठरवायचा नाही, नाहीतर सगळे प्रबंध चेअरमनच्या कार्यावरच निघतील.

वार्षिक सभेची नोटीस येईल तेव्हा सभासदांनी हा ठराव लेखी द्यावा. मसुदा मी करून ठेवलाय. ज्याला हवा त्यानं मेसेज करा.