समुद्राला थाप पचत नाही!

प्रत्येक ऑफिसात एक असा वीर असतोच, जो मीटिंगमध्ये जोरात मान डोलावतो, दोन-तीन भारी शब्द फेकतो आणि बाहेर आल्यावर हळूच विचारतो, ‘अरे, नक्की करायचंय काय?’ मला या जमातीचं जाम कौतुक आहे. म्हणूनच स्कॉट लिंचचा लॉक लॅमोरा माझा लाडका!

२००६ च्या ‘द लाइज ऑफ लॉक लॅमोरा’मध्ये या भामट्यानं भल्याभल्यांना टोप्या घातल्या. २००७ मध्ये दुसरा भाग आला, ‘रेड सीज अंडर रेड स्काइज’. लॉक आणि त्याचा जिगरी दोस्त जीन आता ताल वेरार नावाच्या शहरात. दोन वर्षं खपून तिथला जुगारखाना लुटायचा प्लॅन रंगात आलेला. तेवढ्यात शहराचा सेनाप्रमुख स्ट्रागोस दोघांना विष पाजतो. उतारा हवा? मग चाचे बना आणि समुद्रावर दहशत माजवा. चाचे आले की लोक घाबरणार, लोक घाबरले की याच्या आरमाराला पैसा मिळणार. काय डोकं आहे राव!

पण दोघांनाही जहाजातलं ओ की ठो कळत नाही. एक म्हातारा खलाशी त्यांना घाईघाईत धडे देतो, लॉक कॅप्टनचा रुबाब आणतो आणि भर समुद्रात तो गुरूच मरतो. मग वादळ! आत्तापर्यंत लॉकच्या थापेला समोर एक माणूस असायचा, हावरट किंवा गर्विष्ठ. वाऱ्याला ना हाव, ना गर्व. आणि इथे थापेची किंमत एकटा लॉक मोजत नाही, सगळं जहाज मोजतं. मला पुस्तक इथेच खरं भिडलं.

पुढे भेटते झमीरा द्राकाशा. चाळिशीची, दोन लहान मुलं जहाजावरच वाढवणारी चाच्यांची कॅप्टन. तिच्याकडे लॉकला डेक घासण्यापासून सुरुवात करावी लागते. खोट्या कॅप्टनपेक्षा हा खरा हमाल मला जास्त आवडला.

मधला भाग थोडा रेंगाळतो, पण शेवट काळजाला हात घालतो. तो सांगणार नाही. वीकेंडला वाचाच! आवडलं तर २०१३ चा तिसरा भाग, ‘द रिपब्लिक ऑफ थीव्ह्ज’, आहेच.

आणि हो, या खलाशांची एक पक्की समजूत आहे: जहाजावर मांजरं आणि निदान एक स्त्री अधिकारी हवीच. आपल्या टीमला मांजर परवडत नसेल, तर किमान दुसरी अट तरी पाळा!