सकाळी सकाळी कुणाची फिरकी घ्यायची?

जुलै २०१७ मध्ये पावसानं मुंबईच्या रस्त्यांची चाळण केली होती आणि ‘सोनू’चं गाणं शाळेच्या बसपासून लोकलच्या डब्यापर्यंत सगळीकडे वाजत होतं. रेड एफएमवर सकाळचा कार्यक्रम करणाऱ्या मलिष्का मेंडोन्सा यांनी तीच चाल उचलली. सोनूच्या जागी मुंबईला उभं केलं आणि महापालिकेवर तिचा विश्वास उरला आहे का, असा प्रश्न तिलाच केला. खड्डे, तुंबलेलं पाणी, रखडलेल्या गाड्या, सगळं त्या गाण्यात आलं. एरवी हिंदीत गप्पा मारणारी ही आरजे पालिकेला जाब विचारायला मराठीत आली, हे विशेष. महापालिकेशी भांडायची भाषा मुंबईत मराठीच आहे, हे तिला नेमकं कळलं होतं.

पुढं जे झालं ते त्या गाण्यापेक्षा जास्त बोलकं आहे. काही दिवसांतच पालिकेचं पथक त्यांच्या वांद्र्याच्या घरी पोचलं. तिथं डेंग्यूच्या डासाच्या अळ्या सापडल्याचं सांगून नोटीस निघाली. पालिकेतल्या तेव्हाच्या सत्ताधारी शिवसेनेच्या नगरसेवकांनी ५०० कोटी रुपयांच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची मागणी केली. एक टवाळ गाणं आणि त्यावर ५०० कोटी! रस्त्यांसाठी तेवढी तत्परता दिसली असती तर त्या गाण्याची गरजच पडली नसती.

त्याच वर्षी २९ ऑगस्टला मुंबई पुन्हा पाण्याखाली गेली. प्रभादेवी-परळच्या पट्ट्यात साचलेल्या पाण्यातून घरी निघालेले एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला सापडला. जुलैत ज्या गोष्टीची थट्टा चालली होती तिची किंमत ऑगस्टमध्ये एका माणसानं जिवानिशी मोजली.

सकाळच्या रेडिओवरच्या फटकळपणाची बाजू घ्यायला एवढं एक उदाहरण पुरे आहे. या बडबडीला वायफळ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. भारतात खासगी एफएम वाहिनीला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. बंगळूरला २००१ मध्ये पहिली खासगी एफएम वाहिनी सुरू झाली, तेव्हापासून हे असंच आहे. पुढं सवलत मिळाली ती आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावण्याची. वाहतूक, हवामान, पाणीकपात, परीक्षा यांची माहिती चालते, पण पालिकेच्या कारभाराची बातमी स्वतः मिळवून ती सांगणं चालत नाही. वर्तमानपत्राला जे चालतं, टीव्हीच्या शेकडो वाहिन्यांना जे चालतं, ते रेडिओला मात्र नाही. मग आरजे काय करणार? खड्ड्याची बातमी देता येत नसेल तर खड्ड्याचं गाणं करणार. दोन गाण्यांच्या मधल्या मिनिटभराच्या गप्पांत, ज्याला रेडिओवाले ‘लिंक’ म्हणतात, शहराचं दुःख हसत हसत सरकवणार.

हे आपल्याला नवं नाही. तमाशाच्या वगातला सोंगाड्या राजाच्या दरबारात उभा राहून राजाचीच उडवतो आणि समोर बसलेलं गाव टाळ्या पिटतं. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके रोजच्या पेपरातलं ताजं राजकारण संवादात घुसवत, आणि लोक त्यासाठी पुन्हा पुन्हा तिकीट काढत. सोंगाड्याला मुभा असते ती एवढ्यासाठी, की तो वरच्या पायरीवरच्याची टोपी उडवतो. खाली बसलेल्या म्हातारीची लुगड्यावरून थट्टा करणारा सोंगाड्या कुठल्याच गावाला आवडणार नाही.

घरगुती गप्पांचा वारसाही जुनाच आहे. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी यांची जुगलबंदी घराघरात ऐकली जायची. दरवाढ, पाहुणे, नवराबायकोची कुरबुर हेच विषय. पण त्यात मीनावहिनी पंतांना गप्प करू शकत होत्या. बोलणं दोन्ही बाजूंनी होतं, म्हणून ते घर खरं वाटायचं. आज सकाळी सात ते अकरा रेडिओ लावा. बायकोच्या खरेदीवरचे, सासूच्या टोमण्यांवरचे आणि सुनेच्या स्वयंपाकावरचे विनोद अजून जसेच्या तसे फिरताना सापडतील, आणि ज्याच्यावर ते केले त्याला उत्तर द्यायला माइक मिळत नाही. डबे भरत, पोरांच्या वेण्या घालत हा रेडिओ ऐकणाऱ्या बाईलाच त्या विनोदाचं गिऱ्हाईक करायचं, हा आळस आहे. घरातला खरा विनोद तिच्याकडे भरपूर आहे. तिला फोन लावून बोलू द्यावं, आरजेनं ऐकावं.

थट्टा चुकीच्या दिशेला गेली की काय होतं, हे सप्टेंबर २००७ मध्ये दिसलं. कोलकाता पोलिसांत हवालदार असलेला दार्जिलिंगचा प्रशांत तमांग ‘इंडियन आयडॉल’ जिंकला. दिल्लीतल्या एका आरजेनं त्यावर बोलताना नेपाळी माणूस म्हणजे रखवालदार, या ठोकळेबाज समजुतीवर विनोद केला. सिलिगुडीत मोर्चा निघाला, दंगल उसळली, लष्कर बोलवावं लागलं. केंद्र सरकारनं त्या वाहिनीचं दिल्लीतलं प्रक्षेपण काही दिवस बंद ठेवलं. वाहिनी बंद करणं हा उपाय मुळीच नव्हे. पण गरिबीतून वर आलेल्या एका पोराच्या आनंदात एका अख्ख्या समाजाला त्याच्या पायरीची आठवण करून देणारा तो विनोद होता, आणि त्याचा बचाव करता येत नाही.

याहून वाईट प्रसंग डिसेंबर २०१२ चा. ब्रिटनची राजवधू केट लंडनच्या एका रुग्णालयात दाखल होती. सिडनीच्या ‘टूडे एफएम’च्या दोन निवेदकांनी राणी आणि युवराज चार्ल्स असल्याचं सोंग करून तिथं फोन लावला. लंडनमध्ये तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. रात्रपाळीच्या एका परिचारिकेनं तो खरा समजून पुढं जोडून दिला. ती मूळची कर्नाटकच्या किनारपट्टीची, दोन मुलांची आई. रेडिओनं ती ध्वनिफीत वाजवली, जगभर हशा पिकला आणि तीन दिवसांनी तिनं जीव दिला. फोनवरच्या माणसांची संमती न घेता ध्वनिफीत प्रसारित केल्याचा ठपका ऑस्ट्रेलियाच्या नियामकानं वाहिनीवर ठेवला आणि २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही असा ठपका ठेवण्याचा नियामकाचा अधिकार मान्य केला.

आपल्याकडे फोन करून श्रोत्याचा बकरा बनवणारे कार्यक्रम वर्षानुवर्षं चाललेत. नोकरी गेल्याचं, लग्न मोडल्याचं, मूल शाळेत पडल्याचं खोटं सांगायचं, समोरचा रडकुंडीला आला की हसायचं. राजघराण्याचं नाव घेतलं म्हणून लंडनच्या त्या फोनची बातमी झाली. पण पहाटे कामावर असलेली परिचारिका हीच खरी त्यात सापडली, राजघराण्याला त्याची झळ लागली नाही.

म्हणून दोन गोष्टी एकदमच व्हायला हव्यात. पहिली, बातम्यांवरची बंदी उठावी. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी १९९५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात लिहून ठेवलं आहे. २०१३ मध्ये ‘कॉमन कॉज’ या संस्थेनं या प्रश्नावर न्यायालयात याचिका केली, आणि खुद्द ‘ट्राय’ या सरकारी नियामकानं २०२३ मध्ये दर तासाला दहा मिनिटं बातम्यांची मुभा द्यावी, अशी शिफारस केली आहे. दुसरी, फोनवरची फसवणूक त्या माणसाच्या स्पष्ट होकाराशिवाय कधीही वाजवू नये, आणि तक्रारीचा निवाडा मंत्रालयाच्या मर्जीवर न सोडता स्वतंत्र मंडळाकडे द्यावा. सरकारच्या हाती वाहिनी बंद करण्याचं बटण राहिलं तर ते पहिल्यांदा खड्ड्यांच्या गाण्यावरच दाबलं जाईल.

केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये २३४ नव्या शहरांत ७३० खासगी वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली आहे. त्यात महाराष्ट्रातली शहरंही आहेत. तिथं माइकसमोर बसणारी पोरं वऱ्हाडीत, अहिराणीत, मालवणीत बोलतील. त्यांनी सिनेमातल्या नटाची नक्कल करावी, आमदाराच्या भाषणाची चाल पकडावी, नगरपालिकेच्या नळाला येणाऱ्या पाण्याचं गाणं करावं, अगदी बिनधास्त. फक्त फोन उचलणाऱ्या माणसाला आधी आपलं खरं नाव सांगावं.