समेवर न येणाऱ्यांची बाजू

गेल्या रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला होते. जेवणं झाल्यावर मी हौसेने 'बाबी' लावली. चौथ्याच मिनिटाला मोठे काका म्हणाले, "अरे, आत मांडणी कोसळली का बघ जरा!" सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचत गेलं की काय उत्तर द्यायला हवं होतं. माझं हे नेहमीचंच. काका, तुम्ही हे वाचणार हे ठाऊक आहे, तेव्हा रागावू नका.

आधी थोडी माहिती. 'बाबी' ही मैफल मार्च १९७६ मध्ये न्यूयॉर्कला श्रोत्यांसमोर झाली आणि १९७७ साली तिची रेकॉर्ड निघाली. मिलफर्ड ग्रेव्ह्ज ड्रमवर, आर्थर डॉइल आणि ह्यू ग्लोव्हर फुंकवाद्यांवर. पियानो नाही, बास नाही. म्होरक्या ड्रमवाला. रेकॉर्डही ग्रेव्ह्ज आणि अँड्र्यू सिरिल या दोन ड्रमरांनी काढलेल्या कंपनीची.

काकांचा आक्षेप एका वाक्यातला: "यात ताल नाही, म्हणून हे संगीत नाही."

पहिला अर्धा भाग कबूल. मात्रा मोजायला बसाल तर हाती काही लागणार नाही. पण मग दुसरा अर्धा भाग कसा निघतो? ख्यालाआधीच्या आलापात ताल कुठे असतो? तिथे आपण डोळे मिटून "वा!" म्हणतो. म्हणजे गवय्याने ताल सोडला तर ते चिंतन, आणि ड्रमवाल्याने सोडला तर भांडी पडली! खरी अडचण तालाची नाहीच. ठेका धरून बसायचं ज्याचं काम, तोच बोलायला लागला, ही अडचण आहे. काका, तुम्ही स्वतः वीस वर्षं तबल्याची संगत केलीत. "तबलजीने आपल्या जागी राहावं" हे ऐकून तुम्ही किती वेळा धुमसत घरी आलात, ते काकूंना विचारा.

बरं, ग्रेव्ह्जला ताल येत नव्हता असंही नाही. तो आधी लॅटिन बँडमध्ये वाजवायचा, जिथे ठेका चुकला तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. साठच्या दशकात तो तबलाही शिकला. येत असूनही त्याने सोडला.

का सोडला? सत्तरच्या दशकापासून तो माणसांच्या हृदयाचे ठोके ध्वनिमुद्रित करून अभ्यासत होता. त्याचं म्हणणं, हृदय घड्याळासारखं टिकटिकत नाही. गेल्या वर्षी तुमच्या छातीला चोवीस तास यंत्र लावलं होतं, तेव्हा डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं ना? की श्वासागणिक दोन ठोक्यांमधलं अंतर थोडं कमीजास्त होणं हेच निरोगीपणाचं लक्षण. तेव्हा आपण सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता. मग तीच गोष्ट कातड्यावर वाजली की गोंगाट कशी होते?

एक मात्र मान्य. या संगीताचे काही भक्त "तुम्हाला नाही कळायचं" म्हणून नाक वर करतात, त्यांचा मलाही राग येतो. आणि या नावाखाली खपणारं पुष्कळसं नुसता धिंगाणा असतं. मलाही 'बाबी' पहिल्यांदा पुरती ऐकवली नव्हती. दुसऱ्यांदा मी मात्रा मोजणं सोडलं आणि फक्त ड्रम ऐकले. ते पडत नव्हते, बोलत होते. मध्येच ग्रेव्ह्ज स्वतःच ओरडतो, तेही त्याच बोलण्यात बसतं.

ग्रेव्ह्ज फेब्रुवारी २०२१ मध्ये गेला. हृदयाच्याच दुखण्याने. आजार कळल्यावरही तो स्वतःच्या छातीतले आवाज ऐकत, अभ्यासत राहिला.

असो. काका, पुढच्या रविवारी पुन्हा या. मांडणी घट्ट बसवून ठेवतो. दहा मिनिटं ऐका, हातांनी मोजू नका. त्यानंतरही भांडीच ऐकू आली, तर ती मी घासेन.