चित्रपटाचा इतिहास कोणाचा?

चित्रपटावरील पुस्तक हातात दिसले की आपल्याकडे शेरा ठरलेला असतो, "अभ्यास सोडून हे काय?" बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला इतिहास घेतलेल्या माझ्यासारख्याला हा शेरा बोचतो. राजांच्या सनावळ्या म्हणजे अभ्यास आणि कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची हकीगत म्हणजे करमणूक, ही वाटणी केली कोणी? मला ती मुळीच मान्य नाही.

बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि शेतकरी मुंबईला गिरणीत मजुरीला जातो. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले. पौराणिक चित्रपटांच्या त्या काळात कर्जबाजारी कुणब्याला पडद्यावर आणणे हे धाडसच होते. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचे पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळाले, त्यांत आपला बुलढाणा होता. येथल्या विद्यार्थ्याला ही कथा परकी कशी वाटेल? माझ्या आजोबांची दीड एकर जमीन अशाच एका कागदावर गेली. वडील दुसऱ्याच्या शेतात राबले आणि आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला.

पण तो मूकपट मला पाहता येणार नाही. त्याची प्रतच उरलेली नाही. आपल्या देशात सुमारे १३०० मूकपट निघाले, त्यांतले तीससुद्धा धड उरले नाहीत. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी सुमारे ७० टक्के नाहीसे झाल्याचे तेथील लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ सालच्या अहवालात नमूद आहे. जुनी फिल्म पेट घेते, कुजते. तेव्हा 'सावकारी पाश' आता जो काही शिल्लक आहे तो पुस्तकांच्या पानांत. मग ती पाने इतिहासाची साधने नव्हेत काय?

बापू वाटवे यांचे 'एक होती प्रभातनगरी' आणि शांतारामबापूंचे 'शांतारामा' ही पुस्तके मी अधाशासारखी वाचली. १९२९ साली कोल्हापुरात निघालेली आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेली प्रभात कंपनी त्यांतून डोळ्यांसमोर उभी राहते. विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल यांच्याजवळ पदव्या नव्हत्या. पडदे रंगवीत, यंत्रे जोडीत ही माणसे शिकली आणि त्यांनी १९३६ साली 'संत तुकाराम' दिला. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. (पदवीच्या मागे धावणाऱ्या आम्हा मंडळींनी हे फार मनावर घेऊ नये, नाहीतर प्राध्यापक महाशय रागावतील!)

माझी तक्रार निराळी आहे. ही पुस्तके स्टुडिओच्या फाटकाच्या आतून लिहिलेली आहेत. कॅमेरा कोणी जोडला, १९४२ साली शांताराम प्रभात सोडून का गेले, हे सारे त्यांत सापडते. हॉलिवूडवरच्या पुस्तकांतही मेट्रो, वॉर्नर यांचे मालक आणि नटनट्या यांचाच थाट. पण जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून ज्यांनी चित्रपट पाहिले, ती माणसे कुठे आहेत? माझ्या आजीने 'संत तुकाराम' असाच तंबूत पाहिला. तुकाराम पडद्यावर आले की बाया हात जोडीत. विचारले तर म्हणते, "पिच्चर कुठचा बाप्पा, दर्शनच होतं ते!" हे वाक्य कोणत्याही ग्रंथात नाही.

चिखली, मेहकर, देऊळगाव राजा या भागांत तंबूतला सिनेमा पाहिलेली माणसे अजून आहेत, पण ती थकली आहेत. आपल्या इतिहास मंडळाने त्यांच्या आठवणी यंदाच लिहून घ्याव्यात आणि प्राध्यापकांनी त्या प्रकल्प म्हणून स्वीकाराव्यात. मी माझ्या गावात सुरुवात केली आहे. आतापर्यंत सात जणांशी बोललो. पाच जणांना चित्रपटाचे नाव सांगता आले नाही. बसायला घरून काय नेले होते, गोणपाट की घोंगडी, ते मात्र सातही जणांनी सांगितले.