नेत्रहीन ऊर्णनाभ

अमरकोशांत कोळ्याला लूता, तंतुवाय, ऊर्णनाभ आणि मर्कटक अशीं चार नांवें दिलेलीं आहेत. त्यांपैकीं दोन त्याच्या सुतावरून पडलेलीं आहेत. मुंडकोपनिषदांतही अक्षरापासून विश्व कसें निर्माण होतें हें सांगतांना याच ऊर्णनाभाचा दृष्टांत योजिला आहे. तथापि या महिन्यांत ज्या कोळ्याची ओळख वाचकांस करून द्यावयाची आहे, तो भक्ष्यासाठीं जाळें पसरीत नाहीं. आणि त्याला डोळेही नाहींत.

हा कोळी लाओस देशांतील एका गुहेंत सांपडला. जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथील सेंकेनबर्ग संस्थेचे कोळीशास्त्रज्ञ पेटर येगर यांनीं २०१२ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें व त्याला ‘सिनोपोडा स्क्युरिऑन’ असें नांव दिलें. ‘सिनोपोडा’ ही प्रजाति त्यांनींच १९९९ सालीं स्थापिली होती. त्यांतील ‘पोडा’ हा अंश पाय या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलेला असून, आपला ‘पाद’ हा त्याचा सख्खा भाऊच होय. ‘स्क्युरिऑन’ हें मात्र गुहांत शिरणारे लोक डोक्यावर जे दिवे बांधतात, ते करणाऱ्या एका स्विस कंपनीचें नांव आहे. ज्याला उजेड कधीं दिसावयाचाच नाहीं त्याला दिव्याचें नांव मिळावें, हा योग गमतीचा खरा. परंतु तो दिवा नसता तर आपल्यालाही तो कोळी दिसला नसता!

या कोळ्याच्या देहाची लांबी सुमारें १२ मिलिमीटर, आणि पाय पसरले असतां ६ सेंटिमीटर. येगर यांनींच २००१ सालीं लाओसमधूनच वर्णिलेला त्याचा भाऊबंद ‘हेटेरोपोडा मॅक्सिमा’ पायांसह ३० सेंटिमीटरपर्यंत भरतो. त्या मानानें हा अगदींच लहान. मग त्याचें महत्त्व कशांत? या शिकारी कोळ्यांच्या कुलांत तोंवर हजारांहून अधिक जाती ज्ञात होत्या. डोळे मुळींच नसलेली ही त्यांतील पहिली.

बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात. सिनोपोडाच्या गुहावासी जातींत कोणाचे आठही डोळे शाबूत आहेत, कोणाला सहा, कोणाला चार, तर कोणाला दोनच भिंगें उरलीं आहेत, आणि शेवटीं हा सर्वस्वी अंध. ही एका घराण्याची वंशावळ नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. या निरनिराळ्या जाती आहेत. तरी अंधाराच्या वाटेवरील इतक्या पायऱ्या एकाच प्रजातींत दिसाव्या, हा अभ्यासकांस मोठाच लाभ आहे.

हें ऐकतांच घरांतील वडील मंडळी मुलांस सांगतील, “पाहिलेंत? जें वापरलें नाहीं तें झिजून जातें. पाठांतर सोडाल तर तुमच्या स्मरणशक्तीचेंही असेंच होईल.” उपदेश उत्तम आहे, परंतु दृष्टांत खरा नाहीं, आणि चांगल्या उपदेशालाही खोट्या दृष्टांताचा टेंकू देऊं नये. खुद्द डार्विननें १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत गुहेंतील प्राण्यांच्या अंधत्वाचें कारण निरुपयोग हेंच मानिलें होतें. पुढें आनुवंशाचे नियम उलगडले, आणि तें मत मागें पडलें. आईबापांनीं डोळे वापरले नाहींत एवढ्यामुळें मूल आंधळें जन्मत नाहीं. उजेडांत राहणाऱ्या प्राण्याच्या डोळ्यांत उपजत व्यंग असेल तर तो जीवनकलहांत मागें पडतो, आणि त्याचें व्यंगही बहुधा त्याच्याबरोबरच संपतें. पूर्ण अंधारांत तें व्यंग आड येत नाहीं. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांचत जातें. शिवाय डोळा व त्याच्यामागील मेंदूचा भाग पोसण्यास अन्न लागतें. मेक्सिकोंतील आंधळ्या गुहामत्स्यांच्या अभ्यासांत हा खर्च मोजलाही गेला आहे. जेथें अन्नाचें दुर्भिक्ष, तेथें हा खर्च वांचविणाऱ्याची सरशी होते.

मग आंधळा कोळी भक्ष्य कसें धरतो? कोळ्यांच्या पायांवर अतिसूक्ष्म केंस असतात. हवेची हालचाल त्यांना कळते. जमिनीचा कंप जाणणाऱ्या फटीही पायांवरच असतात. डोळस कोळीही या साधनांवर पुष्कळ विसंबतात. अंध कोळ्याचा तर सारा प्रपंच त्यांवरच चालतो.

कोळ्यांना शास्त्रीय नांवें देण्याची परंपरा जुनी आहे. इतर प्राण्यांचीं नांवें लिनेयसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून ग्राह्य धरतात. कोळ्यांचीं मात्र त्याच्या एक वर्ष आधीं निघालेल्या क्लेर्कच्या ग्रंथापासून. २०२२ सालीं ज्ञात जातींची संख्या ५० हजारांवर गेली. “इतक्या नांवांत आणखी एकाची भर पडून काय साधलें?” असें कोणी विचारील. त्याचें उत्तर हवाई बेटांपैकीं काउआई येथें आहे. तेथील लाव्हाच्या गुहांत राहणाऱ्या अंध कोळ्याचें वर्णन १९७३ सालीं झालें. त्याची मादी एका वेळीं जेमतेम १५ ते ३० अंडीं घालते, आणि जगांत त्याचें दुसरें घर नाहीं. २००० सालीं अमेरिकन सरकारनें त्याला संरक्षित प्राण्यांच्या यादींत घेतलें. आधीं नांव नसतें तर यादींत काय लिहावयाचें होतें? चुनखडीचे डोंगर सिमेंटसाठीं फोडले जातात. त्यांतील एखाद्या गुहेंतच जी जात राहते, ती डोंगराबरोबर जाते. आणि अनामिकाच्या नांवानें तर सुतकही कोणी पाळीत नाहीं.

आपल्या घरांत रात्रीं भिंतीवर जो मोठा, चपटा, तपकिरी कोळी दिसतो, तो पुष्कळदां याच कुलांतील असतो. पोटाखालीं पांढरी चकती धरून चाललेली दिसली तर ती आई आहे, आणि चकतींत तिचीं अंडीं आहेत असें समजावें. ती झुरळें खाते, आणि माणूस दिसतांच पळ काढते. केरसुणी उगारण्यापूर्वीं मुलांना दिवा घेऊन जवळ बोलवावें, आणि तिचे आठ डोळे मोजावयास लावावे.